काजळापासून इंकजेटपर्यंत : कृष्णधवल छायाचित्र-मुद्रणातील शाई-मिश्रणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेरा, भिंग आणि फिल्म यांविषयी विपुल लेखन झाले आहे. ज्या द्रव्यामुळे चित्र कागदावर उमटते त्या द्रव्याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कृष्णधवल छायाचित्र हे प्रामुख्याने चांदीच्या सूक्ष्म कणांनी घडलेले चित्र होते. १९९० नंतर संगणक, स्कॅनर आणि इंकजेट प्रिंटर यांच्या प्रसारामुळे डार्करूममधील चांदीची जागा हळूहळू शाईने घेतली. रंगीत छायाचित्रांच्या बाबतीत हे स्थित्यंतर फारसे अवघड गेले नाही. कृष्णधवल छायाचित्रांच्या बाबतीत मात्र एक विलक्षण अडचण उभी राहिली. लाखो रंगछटा छापू शकणारे यंत्र साधी, स्वच्छ करडी छटा छापू शकत नव्हते.

ही अडचण प्रथम प्रिंटर बनविणाऱ्या कंपन्यांनी सोडविली नाही. मुद्रणकार आणि छायाचित्रकार यांनी स्वतः शाया मिसळून, काळी शाई पातळ करून आणि रंगीत कार्ट्रिजच्या जागी करड्या शाईची कार्ट्रिजे बसवून तिच्यावर मार्ग काढला. कंपन्यांनी त्यानंतर तेच तत्त्व आपल्या उत्पादनांत स्वीकारले. प्रस्तुत लेखात या घडामोडीचा मागोवा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. इंकजेट तंत्रात कृष्णधवल मुद्रणाची समस्या का निर्माण झाली, हे स्पष्ट करणे.
२. करड्या शाईच्या मिश्रणाचा उगम व विकास यांचा कालक्रमाने आढावा घेणे.
३. शाईतील घटक आणि छायाचित्राचा टिकाऊपणा यांतील संबंध तपासणे.
४. शाईच्या ज्ञानावरील व वापरावरील नियंत्रण कोणाकडे राहिले, याचा विचार करणे.

पार्श्वभूमी : कार्बन हे जुनेच द्रव्य

कार्बनयुक्त काळे द्रव्य छायाचित्रणाला नवे नव्हते. फ्रान्समध्ये आल्फोन्स प्वातव्हँ याने १८५५ मध्ये रंगद्रव्य मिसळलेल्या जिलेटिनवर प्रकाशाचा परिणाम घडवून चित्र उमटविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याने १८६४ मध्ये तिला व्यवहार्य रूप दिले. ‘कार्बन प्रिंट’ या नावाने ती ओळखली गेली. या पद्धतीचा जन्मच एका चिंतेतून झाला होता. चांदीच्या क्षारांवर केलेल्या आरंभीच्या प्रती पिवळ्या पडून फिक्या होत होत्या आणि त्यामुळे छायाचित्राच्या विश्वासार्हतेवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले होते. काजळीचा कण प्रकाशाने विटत नाही, हे त्या काळातील रसायनतज्ज्ञ जाणून होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे तत्त्व अपरिचित नाही. दिव्याचे काजळ डिंकात खलून केलेली शाई पोथ्यांच्या आणि दप्तरांच्या लेखनासाठी शतकानुशतके वापरात होती. कागद जीर्ण झाला, कडा झिजल्या, कसर लागली, तरी अशी अक्षरे काळीच राहिलेली दिसतात. पाण्याने ती पसरू शकतात. प्रकाशाने मात्र सहसा विटत नाहीत. इंकजेटच्या युगात छायाचित्रकार पुन्हा याच द्रव्याकडे वळले.

करड्या छटेचा प्रश्न

इंकजेट प्रिंटरमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी या चार शायांच्या ठिपक्यांतून सर्व रंगांचा आभास निर्माण होतो. अशा यंत्रावर करडी छटा दोन मार्गांनी मिळविता येत असे.

पहिला मार्ग केवळ काळ्या शाईचा होता. चित्राच्या उजळ भागात काळे ठिपके विरळ टाकले की दुरून तो भाग करडा दिसतो. परंतु जवळून पाहिल्यास हे ठिपके सुटे दिसतात. आकाश, चेहरा, धुके अशा नाजूक छटांच्या जागी चित्रावर जणू मिरपूड भुरभुरल्यासारखे वाटते.

दुसरा मार्ग तिन्ही रंगीत शाया समतोल प्रमाणात मिसळून करडी छटा साधण्याचा होता. त्यामुळे ठिपके लपत, परंतु तोल राखणे अतिशय कठीण जाई. एखादी शाई किंचित अधिक पडली की करड्यात हिरवट वा गुलाबी झाक येई. शिवाय दिव्याच्या प्रकाशात तटस्थ दिसणारी प्रत खिडकीजवळ नेली की हिरवट दिसू लागे. प्रकाशस्रोत बदलल्यावर रंगाची जाणीव बदलण्याचा हा दोष ‘मेटामेरिझम’ या नावाने छायाचित्रकारांत प्रसिद्ध झाला. रंगीत चित्रात तो सहसा खपून जातो. कृष्णधवल चित्रात तो लपविण्यास जागाच नसते.

पहिला टप्पा : आयरिस प्रिंटर आणि कलामुद्रण

इंकजेटचा कलाक्षेत्रातील प्रवेश अमेरिकेतील आयरिस ग्राफिक्स या कंपनीच्या मोठ्या प्रिंटरमुळे झाला. हे यंत्र मूलतः छापखान्यांसाठी होते. प्रत्यक्ष छपाईपूर्वी रंगांची तपासणी करणारी नमुनाप्रत काढणे एवढेच त्याचे काम होते. नमुनाप्रत काही दिवस टिकली तरी पुरे, असा त्यामागील हिशेब असल्याने त्याच्या शाईच्या टिकाऊपणाचा विचार झालेला नव्हता.

संगीतकार व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश याने या यंत्राचा उपयोग आपल्या छायाचित्रांच्या मोठ्या प्रती काढण्यासाठी करून पाहिला. त्यानंतर १९९१ मध्ये मॅक होल्बर्ट याच्या साहाय्याने कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ ही मुद्रणशाळा सुरू झाली. चित्रकलेचा जाड कागद यंत्रात जावा म्हणून यंत्राच्या रचनेतच फेरफार करण्यात आले आणि त्यासाठी उत्पादकाची हमी गमवावी लागली. हे यंत्र २००५ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे सुपूर्द करण्यात आले. याच मुद्रणशाळेतील जॅक डुगान याने १९९१ मध्ये अशा प्रतींसाठी ‘झिक्ले’ हा फ्रेंच वळणाचा शब्द रूढ केला.

या टप्प्याचे महत्त्व दुहेरी आहे. इंकजेटची प्रत कलाकृती ठरू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याचबरोबर रंजकयुक्त शाईची मर्यादाही उघड झाली. रंजक हे द्रवात पूर्ण विरघळलेले असते. त्याचे सुटे रेणू प्रकाश, ओझोन आणि आर्द्रता यांपुढे दुर्बळ ठरतात. भिंतीवर टांगलेल्या आरंभीच्या अनेक प्रती थोड्याच वर्षांत फिक्या पडू लागल्या.

दुसरा टप्पा : एका काळ्यातून अनेक करडे

छापील करड्याचे ठिपके दिसू नयेत आणि त्यात रंगाची झाकही नसावी, यासाठी एक सरळ उपाय होता. रंगीत शाया काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी काळ्याच शाईचे कमी-अधिक पातळ केलेले प्रकार भरावेत. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील मुद्रणकार जॉन कोन याने हे तत्त्व पद्धतशीरपणे विकसित केले. पारंपरिक कलामुद्रणाची पार्श्वभूमी असलेल्या कोनने १९९० च्या दशकात प्रथम आयरिस यंत्रासाठी एकरंगी शाया तयार केल्या. २००० मध्ये त्याने एप्सनच्या टेबलावर मावणाऱ्या प्रिंटरसाठी ‘पिझोग्राफी’ ही प्रणाली उपलब्ध करून दिली. चार रंगांच्या जागी काळ्याच्या चार छटा आणि त्या छटांचा मेळ घालणारी आज्ञावली असे तिचे स्वरूप होते. पुढे छटांची संख्या सातपर्यंत गेली.

या प्रयोगांसाठी प्रामुख्याने एप्सनचीच यंत्रे का निवडली गेली, याचे उत्तर त्यांच्या रचनेत आहे. अन्य काही कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून, बुडबुडा निर्माण करून थेंब बाहेर ढकलला जाई. एप्सनच्या प्रिंटरमध्ये विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या पिझो स्फटिकाच्या हालचालीने थेंब फेकला जात असल्याने शाईला उष्णता सोसावी लागत नसे. परिणामी, परक्या शाईचा प्रयोग करण्यास तेथे अधिक वाव होता. २००० च्या सुमारास थेंबाचे आकारमानही चार पिकोलिटरपर्यंत खाली आले होते.

कोनची प्रणाली ही व्यावसायिक होती. तिच्या जोडीने खुल्या ज्ञानाचा दुसरा प्रवाहही वाहत होता. कॅलिफोर्नियातील छायाचित्रकार पॉल रोर्क याने बाजारात सहज मिळणारी कार्बनयुक्त मॅट काळी शाई पातळ करून करड्या शाया बनविण्याच्या कृती प्रसिद्ध केल्या आणि त्या कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे पाहिले. रॉय हॅरिंग्टन याने ‘क्वाडटोन रिप’ ही अल्प किमतीची आज्ञावली तयार केली. कोणत्या छटेसाठी कोणती शाई किती सोडायची, याचा निर्णय तिच्यामुळे वापरणाऱ्याच्या हाती आला.

मिश्रणाचे तंत्र

शाई पातळ करण्यासाठी नुसते पाणी चालत नाही. पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्याने थेंब नीट सुटत नाही, छिद्राच्या तोंडाशी शाई सुकते आणि कार्बनचे कण एकत्र येऊन तळाशी बसू लागतात. त्यामुळे डिस्टिल्ड पाणी, ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीन आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य यांचे मिश्रण आधारद्रव म्हणून वापरले जाई. पृष्ठताण कमी करण्यासाठी ‘फोटो-फ्लो’ हे डार्करूममधीलच द्रव्य उपयोगी पडले. फिल्म वाळताना तिच्यावर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून ते पूर्वापार वापरले जात असे. डार्करूम मागे पडली, तरी तिच्या फडताळातील एक बाटली नव्या तंत्रात कामी आली.

पातळ करण्याचे प्रमाण समान अंतराने ठरवून भागत नाही. डोळ्याला छटांमधील फरक गुणोत्तराच्या अंगाने जाणवतो. उदाहरणार्थ, मूळ काळी शाई शंभर टक्के धरल्यास पुढील शाया साधारण तीस, नऊ आणि तीन टक्के अशा उतरत्या श्रेणीत ठेवाव्या लागतात. शंभर मिलिलिटर पहिली करडी शाई करण्यासाठी तीस मिलिलिटर काळी आणि सत्तर मिलिलिटर आधारद्रव घ्यावा, पुढची शाई या करड्यापासून त्याच प्रमाणात करावी, असा हा हिशेब आहे. सर्वांत पातळ शाई चित्राच्या उजळ भागात दाट ठिपक्यांनी पसरते; त्यामुळे ठिपका वेगळा दिसत नाही आणि कागदाच्या शुभ्रतेपासून करड्यापर्यंतचा प्रवास अखंड वाटतो.

मिश्रण झाल्यावर मोजणी अपरिहार्य असे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांची पट्टी छापायची, ती वाळू द्यायची, प्रत्येक पायरीची घनता मापकाने मोजायची आणि त्यानुसार आज्ञावलीतील प्रमाणे सुधारायची, असा हा क्रम होता. कागद बदलला की तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. डार्करूममधील चाचणीपट्टीचीच ही नवी आवृत्ती होती.

या तंत्राच्या अडचणीही कमी नव्हत्या. कण तळाशी बसू नयेत म्हणून कार्ट्रिज अधूनमधून हलवावे लागे. यंत्र काही आठवडे बंद राहिले की छिद्रे तुंबत. रंगीत शाया काढून टाकल्याने एक संपूर्ण प्रिंटर कृष्णधवल कामासाठीच अडकून पडे. चकचकीत कागदावर मॅट कार्बन शाई नीट धरत नसे. त्यामुळे ही परंपरा दीर्घकाळ मॅट सुती कागदापुरती मर्यादित राहिली. अशा कागदावरील काळा रंग चांदीच्या चकचकीत प्रतीइतका गडद दिसत नाही. बॅरिटा थर असलेले इंकजेट कागद २००७-०८ च्या सुमारास बाजारात रुळल्यावर ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली. मात्र त्यांच्यावर वेगळ्या प्रकारची काळी शाई लागते.

तटस्थ करड्याची किंमत

शुद्ध कार्बन शाई पातळ केल्यावर ती तटस्थ करडी न दिसता किंचित तपकिरी दिसते. कण जितके सूक्ष्म, तितकी ही तपकिरी झाक अधिक असते. अनेक छायाचित्रकारांना ती आवडत असे, कारण जुन्या कार्बन प्रिंटची ऊब तिच्यात दिसे. ज्यांना चांदीच्या प्रतीसारखा थंड वा तटस्थ काळा हवा होता, त्यांना कार्बनमध्ये थोडे निळे वा निळसर-किरमिजी रंगद्रव्य मिसळावे लागे.

या मिश्रणाचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नव्हता. दीर्घकाळ प्रकाश पडल्यावर कार्बन जसाच्या तसा राहतो, तर मिसळलेले रंगद्रव्य हळूहळू विटते. परिणामी तटस्थ प्रत कालांतराने पुन्हा तपकिरी होऊ लागते. विटण्याचा वेग सर्व रंगद्रव्यांत सारखा नसल्यास मध्येच हिरवट वा गुलाबी टप्पाही येऊ शकतो. म्हणजेच करड्या शाईत रंगाचा अंश जितका कमी, तितकी प्रत स्थिर असे म्हणता येते. छायाचित्रांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांना हेन्री विल्हेल्म याच्या १९९३ मधील ग्रंथामुळे आणि त्याच्या प्रयोगशाळेमुळे प्रतिष्ठा लाभली होती. तीव्र प्रकाशात अल्पकाळ ठेवून दीर्घकाळाचा अंदाज बांधणाऱ्या अशा चाचण्यांमुळे शाई आणि कागद यांचा विचार जोडीने करण्याची सवय लागली. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली चमकद्रव्ये निष्प्रभ झाली की कागद पिवळसर दिसतो आणि कार्बन अढळ असूनही चित्राचा एकूण भाव बदलतो, हेही लक्षात आले.

तिसरा टप्पा : कंपन्यांचा प्रतिसाद

एप्सनने २००० मध्ये स्टायलस फोटो २०००पी या प्रिंटरमध्ये रंगद्रव्ययुक्त शाया दिल्या. टिकाऊपणा वाढला, परंतु कृष्णधवल प्रतींतील मेटामेरिझमचा दोष विशेष जाणवू लागला. २००२ मधील ‘अल्ट्राक्रोम’ शायांमध्ये काळ्याबरोबर एक फिकी काळी शाई समाविष्ट झाली. २००३ मध्ये एचपीने फोटोस्मार्ट ७९६० या प्रिंटरसाठी काळ्या-करड्या छटांचे स्वतंत्र कार्ट्रिज आणले. २००५ मध्ये एप्सनच्या ‘के३’ शायांमध्ये काळ्याच्या तीन तीव्रता आल्या आणि कृष्णधवल छपाईसाठी स्वतंत्र पर्याय देण्यात आला. या पर्यायात चित्राचा मुख्य भार तीन काळ्यांवर असे आणि रंगीत शाया झाक सुधारण्यापुरत्या वापरल्या जात. स्वतंत्र मुद्रणकारांनी हाताने जे साध्य केले होते, त्याचेच हे सुलभ रूप होते.

याच काळात चांदीच्या कागदाचा उद्योग कोसळत होता, हा योगायोग नव्हे. ब्रिटनमधील इलफर्ड कंपनी २००४ मध्ये आर्थिक अरिष्टात सापडली आणि पुढे व्यवस्थापकांनीच ती विकत घेऊन सावरली. २००५ मध्ये अॅग्फाफोटोने दिवाळखोरी जाहीर केली आणि कोडॅकने कृष्णधवल छायाचित्र-कागदाचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. भारतात उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ या नाममुद्रेचा कागद अनेक स्टुडिओंच्या परिचयाचा होता. हा सार्वजनिक उद्योगही १९९० च्या दशकातच आजारी ठरला होता. कागद मिळेनासा झाल्यावर उत्तम कृष्णधवल प्रत हवी असणाऱ्यांपुढे शाईचा पर्याय अटळ झाला.

शाईवरील अधिकाराचा प्रश्न

शाई-मिश्रणाच्या इतिहासाला आर्थिक व कायदेशीर बाजूही आहे. प्रिंटर स्वस्त विकून शाईवर नफा मिळविण्याचे धोरण या उद्योगात रूढ झाले. त्याच्या रक्षणार्थ कार्ट्रिजवर इलेक्ट्रॉनिक चिप बसविण्यात आली. कार्ट्रिजमध्ये दुसरी शाई भरली तरी चिप ते ‘रिकामे’ असल्याचे यंत्राला सांगे. त्यावर चिपची नोंद पुसणारी साधने, पुन्हा भरता येणारी कार्ट्रिजे आणि बाहेरील बाटल्यांतून नळीने शाई पुरविणाऱ्या रचना पुढे आल्या. महाराष्ट्रातील शहरांत कार्ट्रिज रिफिलिंगची जी दुकाने उभी राहिली, त्यांचा हेतू केवळ बचतीचा होता. कृष्णधवल मुद्रणकारांचा हेतू गुणवत्तेचा होता. मात्र विकत घेतलेल्या वस्तूत काय भरायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क या खटल्यात टोनर कार्ट्रिजसंबंधी निर्णय देताना, वस्तू एकदा विकली की तिच्यावरील एकस्वाधिकार संपतो, असे स्पष्ट केले. एप्सननेही २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात बाटलीतून शाई भरता येणाऱ्या टाकीचे प्रिंटर विक्रीस आणले. वापरणाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत उत्पादकाने आपलीशी केल्याचे हे दुसरे उदाहरण होय.

निष्कर्ष

१. इंकजेट यंत्रांची मूळ रचना रंगीत चित्रांना अनुलक्षून झाली होती. त्यामुळे कृष्णधवल छायाचित्राची गरज सुरुवातीस दुर्लक्षित राहिली.

२. काळी शाई निरनिराळ्या प्रमाणात पातळ करून वापरण्याचे तत्त्व स्वतंत्र मुद्रणकार व छायाचित्रकारांनी प्रत्यक्ष कामातून सिद्ध केले. २००३ ते २००५ या काळात कंपन्यांच्या उत्पादनांतही अनेक करड्या शायांची योजना दिसू लागली.

३. कृष्णधवल प्रतीच्या टिकाऊपणात कार्बनचे प्रमाण निर्णायक ठरते. तटस्थ छटेसाठी मिसळलेला रंग हाच तिचा दुर्बळ घटक असतो. एकोणिसाव्या शतकातील कार्बन प्रिंटमागील विचार नव्या तंत्रातही तितकाच लागू पडला.

४. मिश्रणाच्या कृती खुल्या राहिल्यामुळे हे ज्ञान मोठ्या प्रयोगशाळांपुरते मर्यादित राहिले नाही.

समारोप

महाविद्यालये, ग्रंथालये आणि स्थानिक इतिहास मंडळे आपल्या संग्रहातील जुनी कृष्णधवल छायाचित्रे स्कॅन करून त्यांच्या नव्या प्रती काढत असतात. संस्थेचे संस्थापक, पहिली इमारत, जुन्या स्नेहसंमेलनांतील विद्यार्थी यांची ही चित्रे अनेकदा रंजकयुक्त शाईत छापून दर्शनी भिंतीवर लावली जातात आणि मूळ प्रत कपाटात पडून राहते. दुर्दैवाने मूळ प्रत वा संगणकीय प्रत हरवली, तर भिंतीवरील प्रत हाच एकमेव पुरावा उरतो. तो पुरावा दहा वर्षे टिकणार की शंभर, हे शाईवर आणि कागदावर अवलंबून असते. म्हणून संग्रहासाठी काढलेल्या प्रत्येक प्रतीच्या मागे शाईचा प्रकार, कागदाचे नाव आणि छपाईचे वर्ष यांची पेन्सिलीने नोंद करण्याची प्रथा संस्थांनी पाळणे आवश्यक आहे. हस्तलिखिताचा अभ्यासक कागद आणि शाई यांवरून त्याचा काळ ठरवितो. उद्याच्या अभ्यासकाला आजच्या छायाचित्रांकडेही त्याच नजरेने पाहावे लागणार आहे.